एकेरी पेटी की दुहेरी

मी, खाली सही करणारी पोलिक्सेनी झांबेला, टेनर गायक कै. इराक्लिस झांबेलास यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार किप्सेली, अथेन्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या बुद्धीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखला खरा आहे. एका बाबतीत मात्र माझा गोंधळ आहे आणि तो गोळी घेऊन जाण्यातला नाही.

येत्या मे महिन्यात इराक्लिसच्या कबरीची तीन वर्षांची मुदत संपते. अस्थी बाहेर काढून, वाइनने धुवून, पेटीत घालून अस्थिगृहाच्या फळीवर ठेवाव्या लागतील. गेल्या मंगळवारी त्याची भाची आरेती हिने दफनभूमीच्या कचेरीतून फोन केला.

"मामी, इथला माणूस विचारतोय, पेटी एकेरी घ्यायची की दुहेरी?"

"म्हणजे?"

"म्हणजे पुढे तुमचीही त्यातच सोय करायची का?"

विचार करून सांगते, असे मी म्हणाले. पन्नास वर्षे संसार केलेल्या बाईला याचा विचार करावा लागतो, हे माझे मलाच पटलेले नाही. म्हणून हे लिहिणे. आधी सोपे ते उरकते.

कलम १. राहते घर आरेतीला द्यावे. इमारतीच्या समितीने १९८७ साली इराक्लिसच्या रियाजाविरुद्ध आम्हाला जे पत्र पाठवले होते, ते टेबलाच्या खणात आहे. आरेतीने ते काचेच्या चौकटीत घालून जिन्यात लावावे. सह्या करणारे चौघे अजून हयात आहेत.

कलम २. बँकेतल्या पैशातून दफनाचा आणि चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेचा खर्च करावा. उरेल ते आरेतीचे. त्या दिवशी वाटायच्या गोड गव्हात मनुका कमी पडू देऊ नयेत. इराक्लिसच्या वेळी पडल्या आणि लोक अजून बोलतात.

कलम ३. मी एकोणतीस वर्षे मोठ्या थिएटरात प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला लाकडी खोके असते, त्यात बसून प्रत्येक ओळीचे पहिले शब्द गायकाला क्षणभर आधी द्यायचे. माझा छोटा दिवा आणि खुणा केलेली पुस्तके कोणाला हवी असतील तर द्यावीत. बहुधा कोणाला नको असतील. इराक्लिसचे उन्हाळी थिएटरातले अकरा कोट थालिया रोडोकनाकी हिला द्यावेत. तिने ते चोवीस उन्हाळे त्याच्या अंगावर चढवले. <s>निळा कोट मात्र माझ्यासोबत पुरावा.</s> ही ओळ मीच खोडली आहे. तो कोट मला कधीच आवडला नव्हता. का लिहिले, कळत नाही.

कलम ४. कपाटाच्या वरच्या खणात, माझ्या पदवीच्या कागदाखाली, एक रिळाची टेप आहे. तारीख २१ फेब्रुवारी १९६५. त्या संध्याकाळचा प्रयोग रेडिओने ध्वनिमुद्रित केला होता.

तोवर आमच्याकडे परदेशी ऑपेरा ग्रीकमध्येच गायले जात. या ऑपेराचे ग्रीक शब्द मी लिहिले होते, विद्यापीठातून बाहेर पडल्यावर तिसऱ्या वर्षी. इराक्लिसने ते नऊ वर्षे गायले. मग नवे संचालक आले आणि हुकूम निघाला, यापुढे सगळे मूळ इटालियनमध्ये. माझी वही तळघरात गेली आणि हातात इटालियन पुस्तक आले.

तिसऱ्या अंकात नायक कैदेतून निरोप घेतो. इराक्लिस पुढे आला, माझ्या खोक्याकडे पाहिले आणि ग्रीकमध्ये गाऊ लागला. पाहुणी सोप्रानो गायिका इटालियनमध्ये, हा ग्रीकमध्ये, थेट पडदा पडेपर्यंत. मीही ग्रीकच देत राहिले. मध्येच बदलले असते तर तो कोलमडला असता. वरच्या गॅलरीतले लोक उठून उभे राहिले. सोमवारी संचालकांनी त्याला काढून टाकले. मला ठेवले, कारण खोक्यातले कोणाला दिसत नाही.

प्रश्न एवढाच, की पहिला ग्रीक शब्द कोणाचा? पुस्तक इटालियन होते, हे मला आठवते. माझे ओठ हलले, हेही आठवते. ओठांवर काय होते ते आठवत नाही.

मी दिला असेल, तर माझ्या बाद झालेल्या ओळी पुन्हा एकदा ऐकायला मिळाव्यात म्हणून मी नवऱ्याचा ऑपेरा बुडवला. त्याने सुरू केले असेल, तर माझ्या ओळींसाठी त्याने तो आपण होऊन सोडला आणि मी पुढची एकेचाळीस वर्षे त्याला धांदरट म्हटले.

विचारले की तो म्हणायचा, "मास्तरीणबाई, तुम्ही वाचायचं आणि मी गायचं, एवढंच ठरलं होतं ना?" हे उत्तर नव्हे.

त्यानंतर तो उन्हाळी थिएटरातल्या ऑपेरेटात गेला. तिथे गाण्यासोबत नाच, विनोद आणि पहिल्या रांगेत बिया सोलत बसलेले लोक. शब्द सर्रास विसरायचा, त्या जागी स्वतःचे घालायचा, लोक टाळ्या द्यायचे. तो आतून दुःखी आहे, असे मी ठरवून टाकले होते. तसा पुरावा मात्र सापडत नाही. वजन वाढले, झोप छान लागायची आणि दाढी करताना शीळ घालायचा.

टेप ऐकायचे यंत्र घरात आहे, चालूही आहे. गुरुवारी रीळ चढवले, तिसऱ्या अंकात निरोपाच्या आधीच्या कोरसपर्यंत ऐकले आणि बंद केले. मग काल मेनेलाओस पित्सूलास आणि थालिया यांना कॉफीला बोलावले. ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस म्हणून बिनलोण्याची बिस्किटे. मेनेलाओस त्या प्रयोगात कोरसमध्ये होता. मी सरळ विचारले.

तो म्हणाला, "वहिनी, तुम्हीच दिलात. मी पाच पावलांवर उभा होतो. स्पष्ट ऐकलं."

"तुला तेव्हाही डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं," थालिया म्हणाली. "बाई, त्यांनी मला स्वतः सांगितलंय, मी कोटाची बटणं लावत असताना. म्हणाले, त्या दिवशी घरचंच गायचं हे मी रंगपटातच ठरवलं होतं."

"तो कोणालाही काहीही सांगायचा. मला म्हणाला होता, नौदलात असताना मी अ‍ॅडमिरलला पोहायला शिकवलं."

"मला ते कधी खोटं नाही सांगायचे. कोट चढवताना माणूस खोटं बोलत नाही."

"का बरं?"

"हात अडकलेले असतात."

मी दोघांचे म्हणणे लिहून घेतले. दोघेही मला खरे वाटतात. त्याला काही इलाज नाही.

कलम ५. म्हणून, विचार पूर्ण झालेला नसताना, निर्णय असा. पहिला शब्द माझा असेल, तर माफी मागायला मी त्याच्याजवळ असले पाहिजे. त्याचा असेल, तर धांदरट म्हटल्याची माफी मागायची आहे, तरीही जवळच. कसेही मांडले तरी पेटी दुहेरीच येते. आरेतीने कचेरीत तसे सांगावे.

माझी तीन वर्षे भरेपर्यंत पेटीवर कोणाचेही नाव घालू नये. कचेरीला क्रमांक पुरतो.

टेप आरेतीकडे जावी. मी ती ऐकणार नाही. हे धैर्य की भित्रेपणा, तेही मला ठरवता आलेले नाही. माझ्या मागे आरेतीने ती एकटीने, शेवटपर्यंत ऐकावी. काय ऐकले ते मेनेलाओसला सांगू नये, थालियालाही नाही. माझ्या अस्थी पेटीत ठेवल्यावर रंगाऱ्याला बोलावून दोन्ही नावे घालून घ्यावीत. पहिला शब्द ज्याचा, त्याचे नाव आधी.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. दोघांनी माझ्या सहीची साक्ष दिली आहे. १९६५ ची नव्हे.

अथेन्स, सोमवार, १६ मार्च २००९

(सही) पोलिक्सेनी झांबेला

साक्षीदार:
(सही) मेनेलाओस पित्सूलास, निवृत्त कोरस गायक
(सही) थालिया रोडोकनाकी, निवृत्त वेशभूषा साहाय्यक