होडीवरची राख

१२ एप्रिल, मंगळवार
आज सकाळी नेहमीसारखा होडीला हात टेकवून नमस्कार केला. हात सुटेना. सुटला तो सावकाश, तळव्याला पांढरं-राखाडी घेऊन. होडीवर माझ्या पाची बोटांचा ठसा. 

कालच दाजी म्हणाले, फायबरच्या होडीचं भोक बुजवलं, वर जेलकोटचा जाड रंग मारला, पक्कं झालं. नवमीला होडी पाण्यात. चेअरमननी संस्थेच्या फळ्यावर लिहूनही टाकलं.

आमच्या मच्छीमार संस्थेला आता मासे कुठले. धरणात मधोमध डबकं उरलंय, त्यात गावाच्या पिण्याच्या पाण्याचा पंप तराफ्यावर. तिथवर जायला ही एकच होडी. रोज सिद्धार्थ जाणार, पंप चालवणारा. त्याला पोहता येत नाही.

ठसा कुणाला दाखवला नाही.

१३ एप्रिल
राख परळीच्या वीजकेंद्राची. वीटभट्टीवरून आणून दाजींनी भुरभुरली. विचारलं तर हसले.
"हाताला डिंक लागल्यावर काय करतोस नामदेवा? राखच चोळतोस ना? गेला चिकटपणा!"
"रंग कडक व्हायला हार्डनर किती घातलंत?"
"पयला डबा इसरलास? हार्डनर जादा झालं, मगातच दगड झाला, धूर निघाला. मग नावापुरतं थेंब थेंब घातलं. ऊन हाय की वाळवायला."

हे सामान दिलेल्या औरंगाबादच्या दुकानदाराला फोन केला. थेंबांचं सांगितलं. मग : "काका, तो रंग नाही उन्हात वाळायला. उन्हाळ्यात हार्डनर थोडं कमी घालतात, थेंबावर नाही भागवत. कमी पडलं तर महिनाभर ठेवा, कच्चंच. हवेनं नुसता वरचा थर चिकट राहिला असेल तर गोष्ट वेगळी. ॲसिटोननं पुसून बघा. खाली कडक लागलं तर वाचलात."

देवा, कडक लागू दे.

१४ एप्रिल
पुसलं. फडकं पांढरं. पुन्हा पुसलं, पुन्हा पांढरं. खिळा टेकवला तर लोण्यात गेल्यासारखा आत. भोकावरची काचधाग्यांची मॅटसुद्धा कच्ची. कोपरा चिमटीत धरला, उचलून आला.

आणि मी तो परत दाबून बसवला. वर राख सारखी केली. हे मी केलं. 

दुपारी सिद्धार्थ जयंतीच्या मिरवणुकीतून सरळ इकडे. निळा फेटा, घामाघूम.
"काका, उद्या ह्याच्यातच बसायचं न्हवं? मला दगडावानी पवता येतंय बरं का!"
होडीवर थाप मारली. हात बघितला, पँटला पुसला.
"राख कावून लावली?"
"चिकट होतं," म्हणालो. पुढचं...

संध्याकाळी आक्का येऊन गेली. "तुझ्या दाजीला चारचौघांत बोलू नको. जावई हायेत ते ह्या गावचे." तिला कसं कळलं, कळत नाही. माझ्या तोंडावरच दिसत असेल.

देवापुढं बसलो. नाव तोंडात येईना. सारखा तो कोपरा आठवतो.

१५ एप्रिल, रामनवमी
उजाडता गेलो. नमस्कार केला नाही. पत्रा घेतला नि बसलो खरवडत.

दाजी हार घेऊन आले. "आरं, काय करायलास? आज नारळ हाय!"
थांबलो नाही.
"मला सांगायचंस तरी. गावापुढं मान खाली घालायला लावतोस?"
 काल सांगायचं होतं.

चेअरमन आले, मागं लोक. "बाया घागरी मांडून बसल्यात, नामदेव. त्यास्नी काय सांगू?"
"होडी कच्ची हाय म्हणून सांगा. टँकर चालू ठेवा. नव्यानं करू."
"आन् ते तरी कडक होईल का?"
"माहीत न्हाई."

शेवटची मॅट एका ओढीत, ओल्या गोणपाटासारखी आली. पालथ्या होडीचं भोक उघडं पडलं, त्यातून खालची तडकलेली जमीन दिसली. सिद्धार्थ वाकून बघत राहिला. फेटा आज नव्हता. 

दाजी नारळ हातात धरून उभे. फोडावा की घरी न्यावा, त्यांना ठरवता येईना. 

सगळं काढून टाकलं. राखसुद्धा.