किल्ल्याच्या दारात एक्केचाळीस शेळ्या

सोम., ३ फेब्रु.
गेल्या आठवड्यात अपडेट आला. गेम आता साध्या मोबाईलवरही चालतो. चार वर्षं टोळीत बावीस जण होतो, आठवड्यात त्रेपन्न झाले. नवे लोक लढाईआधी शत्रूला 'राम राम' घालतात आणि सकाळी चॅटवर गुलाब टाकतात. एकाने विचारलं, जिंकलेल्या तलवारीला हळदकुंकू कसं वाहायचं. सोय नाही, कळवलं.
टोळीप्रमुख मी. नाव 'सुभेदार'. सगळे मला निवृत्त फौजी समजतात. मी तसं म्हटलं नाही. नाही, असंही म्हटलं नाही.

मंगळ., ४
नवा सदस्य: 'बप्पा धर्मापुरीकर'. टाइप करत नाहीत, व्हॉइस मेसेज टाकतात. पहिलाच: "सुभेदार सायेब, हितं पाणी कुठंशी हाय?" गेममध्ये तहान लागत नाही, असं लिहिलं.
आवाज ओळखीचा. आठवायला तीन मिनिटं लागली. मी ज्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे, तिथे रोज फोन करणारे मेंढपाळ. "ताई, थ्री फेज कवा यील? हौद भरायचाय." म्हणजे दिवसभर मेंढरं राखतात आणि बांधावर बसून हे.
चौदा गावांना माझा आवाज पाठ आहे. चेहरा फारसा नाही.

गुरु., ६
दुसरा बदल. रविवारपासून किल्ल्याच्या लढाईत टायपिंग बंद, प्रमुखाने माइकवर हुकूम द्यायचे. बोलला नाही तर पद उपप्रमुखाकडे. उपप्रमुख म्हणजे वज्र, पुण्याचा. माइक उत्तम, मतंही भरपूर.
बोलले तर बप्पा ओळखणार. बप्पांना कळलं म्हणजे चौदा गावांना. मग लाईट गेली की कारण ठरलेलं, मॅडम गेम खेळत बसल्यात. ड्यूटीवर एकदाही गेम उघडलेला नाही. पण ते कोण तपासतं.
पद सोडावं का? हा किल्ला चार वर्षांत एकदाही घेता आला नाही. आणि वज्रच्या हातात...

शुक्र., ७
किल्ल्याच्या शिड्यांना तीस शेळ्यांची कातडी लागते. पूर्वेच्या माळावर एकही रानशेळी नाही. चौघांनी तासभर शोधलं. बिघाड समजून कंपनीला तक्रार केली: ठिकाण, वेळ, संख्या शून्य.

शनि., ८
बिघाड नव्हता. बप्पा होते.
रानशेळ्या मशालीला बुजतात. ब. मशाल धरून मागून चालत राहिले आणि एक्केचाळीस शेळ्या किल्ल्याच्या दारालगतच्या घळीत नेऊन दगडांनी कोंडल्या. एक मेली की दुसरी उगवते, हा गेमचा नियम. मरत नाहीत म्हणून उगवत नाहीत. चार वर्षांत हे कुणाला सुचलं नाही. आम्ही सगळे मारतच आलो.
मी लिहिलं, तीस द्या.
"कापायला? न्हाई सायेब. दोन गाभण हायत त्यात."
गेममध्ये तशी व्यवस्था नाही, लिहिलं.
"तुमाला न्हाई कळायचं."
वज्र: काढून टाका यांना. लढायला आलेत की शेळ्या राखायला?
"तू किती राखल्यास बे आजवर?"
मग ब.च म्हणाले, "शिड्या कावून पायजेत? दारातून जाऊ की. धान्याच्या गाड्यांना दार उघडतं, तवा कळप घालतो मधी. जनावर उभं असल्यावर दार मिटतंय व्हय?"
तीन शेळ्यांवर तपासलं. मिटत नाही. पण दार उघडं फक्त सहा सेकंद, आणि ब.ना घळीतून ते दिसत नाही. कुणीतरी नेमक्या क्षणी 'सोडा' म्हणायला हवं. माइकवर.

रवि., ९
सुट्टी. आवाज बदलायचं ॲप घेतलं. पुरुष विहिरीतून बोलतोय असं वाटतं. चालेल.
चार वाजता लढाई. ॲप पहिल्या मिनिटाला बंद पडलं. गाड्या दाराकडे येत होत्या. वज्र माइकवर: "सुभेदार गेले वाटतं. मी घेतो सूत्रं."
बटण दाबलं. सवयीने तोंडून गेलं, "नमस्कार, उपकेंद्र, बोला."
मग ब.: "कवा सोडू?"
"थांबा. एक गाडी जाऊ द्या." लाईनमनला सांगते त्याच सुरात. "सोडा."
दार अडलं. किल्ला अकरा मिनिटांत घेतला. गडबडीत एक शेळी वज्रच्या तलवारीखाली गेली. ब. त्याच्याशी बोलत नाहीत.
वज्र नंतर: "सुभेदार बाई आहेत? आणि उपकेंद्र काय?"
ब.: "खुणेचा शब्द हाय. तुला न्हाई कळायचं."

सोम., १०
सकाळपाळी. ११.१० ला शेतीचा फीडर ट्रिप, चौदा गावांची थ्री फेज गेली. पहिला फोन ब.चा.
"थ्री फेज कवा यील?" सुरुवातीला 'ताई' नाही. लक्षात आलं.
"वीस मिनिटं."
"बरं." फोन ठेवला नाही. मागे मेंढरं ओरडत होती. "मंग पुढच्या ऐतवारी..."
"हा ऑफिसचा नंबर आहे."
"बरं, सुभेदार."
पुरवठा सुरू ११.२८.
पाळी संपेपर्यंत बाकीच्या तेरा गावांतूनही फोन येऊन गेले. ते अजून 'ताई' म्हणतात.