सातव्या खिळ्यावरची किल्ली

३ ऑक्टोबर, दुपार

प्रिय वहिनीस,

कशी आहेस? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचे गुडघे दुखतात, माझी पाठ दुखते, आणि दोघंही एकमेकांना सांगतो की काही होत नाही.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तर नाही म्हणून तू रुसली असशील असं आधी वाटलं. मग आठवलं, तू तीन वर्षं माझ्यावर रुसलेलीच आहेस, त्यात आणखी भर ती काय पडणार. तरी रोज ठरवत होते की आज लिहायचं, आणि रोज कुठलीतरी होडी गळत होती. होड्या खरंच गळत होत्या, अगदीच थाप नाही.

तुझा चष्मेवाला चांगला माणूस आहे असं तू लिहिलंस. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "चष्मेवाला आहे ना, मग ही काय चीज आहे ते त्याला नीट दिसलं असेल." आणि मग बराच वेळ खिडकीतून तळ्याकडे बघत बसले. रागावलेले नाहीत गं. तुझं नाव निघालं की ते अजून "आपली सून" असंच म्हणतात, तेवढी सवय जायची आहे.

हंगाम संपत आला. यंदा पाहुणे पुष्कळ आले. एका जोडप्याने तळ्याकाठी मुक्कामाला हवा भरायचा सोफा आणला होता. भर पाण्यात वाऱ्याने तो उचलला आणि नवरा त्याला धरून अर्धा होडीबाहेर, आणि मी नवऱ्याला धरून. बायको शांतपणे म्हणाली, "सोड त्याला." नवऱ्याला सोफा सोड म्हणत होती की मला नवऱ्याला सोडायला सांगत होती, ते कळलं नाही. उद्यानवाल्यांनी सगळ्या जागांवर खाण्याच्या नव्या लोखंडी पेट्या ठेवल्या आहेत. त्या अस्वलाला उघडता येत नाहीत आणि पाहुण्यांनाही येत नाहीत, त्यामुळे मला हातातलं काम टाकून जागोजाग पेट्या उघडून द्यायला उतरावं लागतं.

हे सगळं लिहायला मी बसलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दादा मला बडबडे म्हणायचा ते उगाच नाही. मुद्दा टाळायचा असला की माझं तोंड चालू लागतं.

तू लिहिलंस, "ती किल्ली खिळ्यावर आहे तोवर मला मी वाट बघणारी बायको आहे असंच वाटत राहतं. तू ती काढ आणि मला कळव. मग आम्ही लग्नाची तारीख ठरवू." साधंच मागणं आहे. मी महिनाभर ते केलं नाही. का केलं नाही आणि त्यापायी काय होता होता राहिलं, ते आता सांगते. तुला माहीत असलेलंही पुन्हा सांगीन, कारण क्रमाने सांगितलं नाही तर मी पुन्हा सोफ्यावर जाईन.

आपल्या शेडमधली किल्ल्यांची फळी तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. तळ्याकाठच्या मुक्कामाच्या जागांना रस्ता नाही, फोन लागत नाही, जायचं तर आपल्याच होडीने आणि यायचं तेही आपल्याच होडीने. म्हणून बाबांची पद्धत, की पाहुण्याने होडीत पाय ठेवण्याआधी गाडीची किल्ली आपल्या हातात द्यायची. ज्या नंबरच्या जागेवर तो उतरणार त्या नंबरच्या खिळ्यावर ती टांगायची, सोबत परतीच्या दिवसाची चिठ्ठी. माणूस परत आणला की त्याची किल्ली त्याच्या हातात. संध्याकाळी शेडला कुलूप लावण्याआधी फळीकडे बघायचं. बाबा म्हणतात तसं, फळी रिकामी तर तळं रिकामं.

घरच्या माणसालाही सूट नाही. दादा सात नंबरचा धक्का दुरुस्त करायला निघाला, रात्री तिथेच तंबू ठोकतो म्हणाला, तेव्हा त्याने तुमच्या घराची किल्ली स्वतःच्या हाताने सातव्या खिळ्यावर अडकवली. पाण्यात पडली तरी तरंगावी म्हणून लावलेल्या त्या बुचाच्या मोठ्या गोळ्यासकट. पुढचं तुला सांगायला नको. होडी धक्क्याला बांधलेली, तंबूची चेन ओढलेली, बूट बाहेर जोडीने ठेवलेले. पाणबुडे येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही. तू घर विकलंस, नव्या मालकाने कुलूप बदललं असेल, म्हणजे त्या किल्लीला आता जगात दार नाही. पण ती खिळ्यावर आहे, आणि किल्ली खिळ्यावर असताना मी शेड बंद करून घरी जाऊ शकत नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे ते.

म्हणून मी रोज संध्याकाळी होडी काढते. तेवढं तुला माहीत आहे, त्यावरूनच आपलं भांडण झालं. मोठ्या काळ्या खडकापाशी जाते. त्याला वळसा घातला की सात नंबर, पण मी वळसा घालत नाही. मला तो धक्का बघवत नाही. इंजिन बंद करते, हाक मारते, थोडी थांबते आणि परत येते.

तुला जे माहीत नाही ते आता लिहिते. मला ओ येते, वहिनी.

पहिल्या वर्षापासून येते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, खडक आहे तो, आवाज परत फेकतो. पण मी "दादा" अशी हाक मारते. खडकाने परत फेकली तर "दादा" अशीच यायला हवी ना? मला येते ती "ओ". तो द्यायचा तशी, जरा कंटाळलेली, हातातलं काम न सोडता दिलेली. मी कुणाला सांगितलं नाही. तू तेव्हा रडून रडून अर्धी झालेली, तुला काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर ती ओ मला हवी होती. तू गेलीस, बाबा गप्प झाले, मला दिवसभरात माझं म्हणून एवढंच राहिलं होतं.

आता यंदाचं. सात नंबर तीन वर्षं बंद होता. उन्हाळ्यात उद्यानाच्या कचेरीतून निरोप आला, जागा उघडा. मी टाळाटाळ केली, हंगाम संपता संपता एक बाई आली. नर्स होती, नुकतीच नोकरीतून मोकळी झालेली. आयुष्यभर वॉर्डात लोकांच्या हाका ऐकल्या, आता थोडे दिवस कुणी हाक मारणार नाही अशी जागा द्या, म्हणाली. बाकीच्या जागा भरलेल्या होत्या. मी तिला सातवर सोडलं, धक्क्याकडे न बघता होडी लावली, आणि परत येऊन तिची किल्ली टांगायला गेले.

खिळा एक आणि किल्ल्या दोन. आधी दादाची काढली, तिची चिठ्ठीसकट अडकवली, आणि दादाची हातात घेऊन उभी राहिले. खाली ठेवायला हात होईना. मग ती पुन्हा वरून अडकवली. बुचाच्या गोळ्याखाली तिची किल्ली आणि चिठ्ठी, दोन्ही झाकून गेल्या. मी कुलूप लावलं आणि मला काही म्हणजे काही खटकलं नाही.

तिचा परतीचा दिवस आला आणि गेला. त्या दिवसापासून वारा सुटला, पाऊस लागला, इतर जागांवरून लोकांना घाईघाईने आणता आणता माझा जीव मेटाकुटीला आला. बाकी सगळे खिळे रिकामे झाले. सातव्यावर बुचाचा गोळा होता, तो तर तीन वर्षं आहे. मी रोजच्यासारखी खडकापाशी गेले, हाक मारली.

आणि ओ आली. नेहमीपेक्षा मोठी. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वाऱ्यात शब्द कळत नव्हते, पण कुणीतरी जीव तोडून ओ देत होतं. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच. आणि मी काय केलं असेल? मला आनंद झाला. मला वाटलं, आता तो जवळ आलाय. घरी आले, बाबांना त्यांच्या आवडीचं करून वाढलं, भांडी घासताना गुणगुणले. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "ती लाल गाडी कुणाची गं? पानांनी झाकून गेलीय."

"कुणाची असणार? फळी रिकामी आहे."

"कुठे रिकामी आहे? सातवर आहे की."

"ती दादाची, बाबा."

बाबांनी बुचाच्या गोळ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "उचलून बघ."

मी उचलली.

त्यानंतर होडी कशी काढली ते मला आठवत नाही. त्या खडकाला वळसा घालून मी पहिल्यांदा धक्क्याकडे सरळ बघितलं. बाई धक्क्यावर बसली होती, अंगावर तंबूचं कापड गुंडाळून. रोजच्या गोळ्या संपलेल्या, थंडीने बोटं वळत नव्हती. मी रडत होते, आणि तिनेच उलट माझा हात धरला, नर्सच ती. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "रोज संध्याकाळी हाक मारता त्या तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"मी ओरडले होते हो. दोन्ही दिवस. घसा बसला बघा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "आधीचे दिवस मी काही बोलले नाही. म्हटलं, ज्याला हाक आहे तो देतोय ओ, आपण कशाला मध्ये पडा."

"कोण देतोय?"

"तो पलीकडचा. झाडीमागे आणखी एक तंबू आहे ना?"

वहिनी, सातवर एकच तंबू बसतो. तुला माहीत आहे.

बाई आता बरी आहे. तिने कुठे तक्रार केली नाही, उलट जाताना बाबांना गुडघ्याचे व्यायाम सांगून गेली. पण माझ्या मनातून ते जात नाही. खडकापलीकडे जिवंत माणूस मदत मागत होतं आणि मी ते ऐकून सुखाने घरी आले. माझ्या भावाची किल्ली मी दुसऱ्याच्या जिवावर टांगून ठेवली होती. आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं, हे मला रोज दिसतं.

होडी तपासायची आहे. बाकीचं उद्या लिहिते.

४ ऑक्टोबर, सकाळ

किल्ली काढली.

काल दुपारी, बाबांच्या समोर. वाटलं होतं जड जाईल, पण ती सहज निघाली, इतर कुठल्याही किल्लीसारखी. खिळ्यावर गंजाची गोल रेघ उमटली आहे. बाबांनी बुचाचा गोळा हातात घेतला, अंगठ्याने पुसला आणि खिशात टाकला. "फळी रिकामी," ते म्हणाले. मी म्हटलं, "तळं रिकामं." मग आम्ही दोघांनी चहा केला आणि प्यायलाच विसरलो.

त्याआधी सकाळी मी सातवर जाऊन आले होते. जागा झाडली, पेटी बंद केली, झाडीमागेही जाऊन पाहिलं. नुसतं बोरूचं उंच गवत आणि चिखल. कुणी राहिलेलं नाही, राहण्यासारखी जागाही नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही.

संध्याकाळी होडी काढायची नाही असं ठरवलं होतं. पण पाय गेले. म्हटलं, शेवटचं एकदा, आणि हाक मारायची नाही. खडकापाशी गेले, इंजिन बंद केलं. वारा अजिबात नव्हता. मी तोंड मिटून बसले. इतकी वर्षं मी तिथे गेल्या गेल्या हाक मारत आले, त्यामुळे तिथलं पाणी गप्प असताना कसं वाटतं ते मला माहीतच नव्हतं. बरं वाटलं. हे इतकं सोपं होतं तर आधी का नाही केलं, असंही मनात आलं.

आणि मग खडकापलीकडून हाक आली.

"बडबडे."

थोड्या वेळाने पुन्हा. "ए बडबडे." मी एवढी गप्प का, असं विचारल्यासारखी.

मला या नावाने जगात एकच माणूस हाक मारत होता. माझं तोंड उघडलं, ओ अगदी दातांपर्यंत आली. सगळं अंग तिकडे ओढ घेत होतं. मी डोळे मिटले आणि फळी समोर आणली. एक एक खिळा बघत गेले. सगळे रिकामे होते. सातवासुद्धा. म्हणजे तळ्यात आणायचं राहिलेलं कुणी नव्हतं, वहिनी. किल्ली वर असती तर मी गेले असते. त्या खडकाला वळसा घालून सरळ गेले असते.

मी ओ दिली नाही. इंजिन सुरू केलं. तिसऱ्यांदा हाक आली असेल तर इंजिनच्या आवाजात मला ऐकू आली नाही, आणि ते तसंच असू दे.

घरी आल्यावर खूप रडले. बाबा शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "सुनेला लिही, तारीख ठरव म्हणावं. आणि आपण दोघं येतो म्हणून लिही."

तेव्हा लिहिते. तारीख ठरव. आम्ही येऊ. किल्ली मी सोबत आणीन आणि तुझ्या हातात देईन. माणूस आला नाही तर किल्ली त्याच्या माणसाच्या हातात द्यायची, एवढी तरी पद्धत पाळू. पुढे तिचं काय करायचं ते तू बघ, फक्त खिळ्यावर लावू नकोस.

तुझी,
जिला आता कुणी बडबडे म्हणत नाही ती