कॅमेऱ्याशेजारची खुर्ची

आई, त्या सिनेमाचा दुसरा भाग काढतायत. ती मुलगी, जी नुसती हसली की घरात कुणीतरी मरायचं, ती आता मोठी झालीय. म्हणजे मीच. फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते, आणि शिट्टी व्हायच्या आत हो म्हणूनही बसले.

सिन्नरच्या वाटेवरचा तो बंगला तुला आठवतच असेल. तू ऑफिसातून रजा टाकून यायचीस, कॅमेऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचीस, मांडीवर माझा डबा. दिग्दर्शक म्हणायचे, "बाळ, समोर बघ आणि हळूच हस." समोर तू असायचीस. मी तुला बघून हसायचे, झालं. त्या हसण्याला एवढी मोठमोठी माणसं घाबरली, याची मला अजून गंमत वाटते. तुला मात्र राग यायचा. शेजारच्या काकूंच्या नातवाच्या बारशाला गेलो, तर त्यांनी मला बघून पाळण्यावर पदर धरला. तू हातातला पेढा ताटात ठेवलास. "सिनेमा थेटरात ठेवून यायचा असतो, काकू. ही माझी पोर आहे." घरी आल्यावर मीठ, मोहरी, मिरच्या माझ्यावरून ओवाळून तव्यावर टाकल्यास. मिरच्या जळल्या, पण ठसका उठला नाही. "बघ, केवढी दृष्ट लागलीय," तू म्हणालीस. मी विचारलं, "काकूंची?" "छे गं. सगळ्यात जास्त आईचीच लागते. मीच बघत बसते ना तुझ्याकडे."

काल पुन्हा त्याच बंगल्यात गेले. भोवती आता द्राक्षबागा झाल्यात. दिग्दर्शक अगदी पोरगेला आहे, लहानपणी पहिला भाग बघून कितीतरी दिवस आईला चिकटून झोपायचा म्हणे. "मॅडम, तेवढं ते हसू द्या. सगळा सिनेमा त्याच्यावर उभा आहे." मी हसते, तो मान हलवतो. परत हसते. "छान आहे, पण हे ते नाही." आता ते कुठून आणू, मेल्या? तुला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यानंतर तशी मी हसलेच नाहीये. खरं सांगू? भूमिकेचं मला काही पडलेलं नव्हतं. तू बसायचीस ती जागा एकदा बघायची होती.

जेवणाच्या सुट्टीनंतर कुणीतरी कॅमेऱ्याजवळ रिकामी खुर्ची विसरून गेलं. खिडकीतून ऊन येतंय, उन्हात धुळीचे कण तरंगतायत, आणि तू तिथे बसली आहेस. मांडीवर डबा. मी बघत राहते. दिग्दर्शक कट म्हणायचंच विसरला. मग हळूच म्हणाला, "अंगावर काटा आला, मॅडम."

संध्याकाळी घरी येऊन मी स्वतःच स्वतःची दृष्ट काढली. वेडेपणा आहे, कळतं मला. हे पत्र कुठे टाकणार, माझ्याजवळच राहील, म्हणून तुलाच सांगते. तवा तापून लाल झाला, मिरच्या पार काळ्या पडल्या, आणि ठसका काही उठला नाही.