नर्सताईंचं हँडल

आई, गेल्या महिन्यात मी सायकल घेतली. पन्नाशीला टेकलेली बाई सांगलीच्या रस्त्यावर सायकल मारते म्हणून आमच्या सोसायटीतले लोक माना वळवून बघतात, बघू देत. पण तिचं हँडल इतकं रुंद की पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात आणि करंगळीला मुंग्या येतात. दुकानदाराला म्हटलं, दोन्हीकडून थोडं कापून द्या. तो म्हणाला, "मॅडम, कंपनीकडनंच असं येतंय. आमी काय करणार?" असा राग आला म्हणून सांगू! तू जाऊन सतरा वर्षं झाली, पण वडूजच्या आपल्या दुकानात तू हे वाक्य ऐकून घेतलं नसतंस.

बाबा पलटणीत, म्हणून आजोबांचं सायकलचं दुकान तुझ्या अंगावर पडलं आणि तू ते असं पेललंस की पुरुष कारागीर तोंडात बोटं घालायचे. माप घ्यायची तुझी रीत तर न्यारीच. गिऱ्हाइकाच्या हातात वेळूची काठी द्यायची, डोळे मिटायला सांगायचं, हात आपसूक जिथं पडतील तिथं खडूनं खूण, आणि हँडल तेवढंच ठेवून बाकीचं कापायचं. पण त्याआधी गप्पा. कारण सुट्टीवर आलेल्या फौजीला "माप घ्यायचंय" म्हटलं की गडी छाती काढून सावधानमध्ये उभा! मग हात भलतेच लांब पडणार. तू आपली विचारतेयस, "शाळू पेरला का? म्हशीचं दूध किती?" बोलता बोलता त्याचे खांदे खाली येतात आणि तू हळूच काठी पुढं करतेस. मला मात्र तेव्हा वाटायचं, आई उगाच वेळ घालवते.

मी सतरा वर्षांची होते. तू कोरेगावला लग्नाला गेली होतीस आणि दवाखान्यातल्या नर्सताई आल्या. त्यांच्याकडं भावाची रुंद, सरळ हँडलची सायकल, वाड्यावस्त्यांवर फिरून हात बधिर होत होते. काल बाळाला इंजेक्शन देताना हात थरथरला, म्हणाल्या. तोवर तू मला पंक्चरच्या पुढं काही करू दिलं नव्हतंस; करवत हातात घ्यायला मी टपलेलीच होते. शेजारच्या चहाच्या टपरीवरचे बाप्ये टकमक बघत होते. ताई अंग चोरून, कोपरं बरगड्यांना चिकटवून उभ्या. मी गप्पाबिप्पा काही मारल्या नाहीत, सरळ काठी दिली. वर माझी हुशारी अशी की फौजींचे हात लांब पडतात हे आठवून दोन्हीकडून आणखी एकेक बोट कमी केलं आणि कापलं.

दुसऱ्या दिवशी त्या कोपर सोलवटून आल्या. ओढ्याच्या उतारावर हँडल वळवायला जोरच मिळाला नव्हता. मला वाटलं, आता जन्मभर पंक्चरच. तू लग्नाहून परतली होतीस. त्यांना स्टुलावर बसवलंस, जतकडच्या त्यांच्या माहेराचं विचारत राहिलीस आणि त्या खळखळून हसल्यावर काठी दिलीस. मग स्वतःच्या सायकलचं हँडल सोडवून, त्या मापाला कापून त्यांच्या सायकलला बसवलंस आणि माझं कापलेलं आखूड हँडल स्वतःच्या सायकलला. "माज्या पोरीनं कापलंय, मीच वापरणार," म्हणालीस. त्या गेल्यावर माझ्याकडं वळलीस. "माणूस मोकळं झाल्याबिगार माप घ्यायचं न्हाई. उद्या करवत परत तुज्याच हातात देणार हाय, म्हणून सांगती." आणि दिलीस. पुढं कितीतरी वर्षं कोपरं आवळून तू ती सायकल चालवत राहिलीस, एकदाही टोमणा न मारता. आई, तुझ्याएवढं मोठं मन मी दुसरं पाहिलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच आता सांगते. हँडल कापायच्या आधी नर्सताई खुणा बघून म्हणाल्या होत्या, "अगं, जरा आखूड नाही का होणार?" मी म्हणाले, "आम्हाला कळतं." दुसऱ्या दिवशी तू त्यांना माझ्यासमोरच विचारलंस, "आवं, मग तवाच बोलायचं न्हाई व्हय?" त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, सोललेल्या कोपरावर हात धरला आणि म्हणाल्या, "माझ्याच ध्यानात आलं नाही." मी मान खाली घालून उभी होते, आणि मी त्यांना तसंच बोलू दिलं.