जिन्याखालच्या कोळशाबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
वीज वितरण उपविभाग कार्यालय.

विषय : माझ्या कोळशाच्या इस्त्रीमुळे गच्चीवरील सौरपट्ट्या काळवंडल्याची नोटीस मागे घेणेबाबत.
संदर्भ : माझ्या दुकानाच्या फळीवर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

सविनय अर्ज करते की, मी या इमारतीत जिन्याखाली इस्त्रीचे दुकान चालवते. गच्ची चौथ्या मजल्यावरील दंतवैद्यांची आहे. त्यांनी तिथे सौरपट्ट्या बसवल्या, त्यांना अनुदान मिळाले आणि त्यांचे बिल जवळजवळ शून्यावर आले. त्याच सुमारास माझ्या बिलात ‘सौर प्रोत्साहन आकार’ अशी नवी ओळ उगवली.

१. मला वाटले, ही भिशी आहे. सगळ्यांनी दरमहा भरायचे, आळीपाळीने एकेकाला उचल मिळायची. पहिली दंतवैद्यांना लागली, कधीतरी मलाही लागेल. म्हणून मी मुकाट भरत राहिले आणि पट्टी ठेवायला जिन्याबाहेरची जागा झाडूनही ठेवली.

२. नंबर कधी लागतो ते विचारायला आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरचे साहेब इतके हसले की शेजारचे कारकून चहा सोडून बघायला आले. ही भिशी नाही, धोरण आहे. आकार सर्वांना आणि फायदा ज्याचे छप्पर त्याला, असे त्यांनी समजावले. माझ्या डोक्यावर जिना आहे, तो चालेल का, असे मी विचारले. चालत नाही.

३. पुढे आकार वाढला. विजेची इस्त्री परवडेना, म्हणून कोळशाची जुनी इस्त्री बाहेर काढली. स्वच्छ विजेचे पैसे भरून भरूनच मी कोळशावर आले. आता आपण कळवता की माझ्या धुराने दंतवैद्यांची वीज घटते. ती तूट मी भरावी, नाहीतर दुकान बंद करावे. आवळा देऊन कोहळा काढणे ऐकले होते. इथे आवळाही माझाच गेला. हे मी रागाने लिहिले आहे. अर्जात राग चालत नसेल तर तेवढे गाळून वाचावे.

४. सासूबाई फळीमागेच झोपतात. कोळसा सुरू झाल्यापासून खोकल्याने त्यांना धड बोलवत नाही. काजळी मोजायला आपला माणूस आला, तेव्हाही त्या खोकत होत्या. त्याने त्यांना अंथरुणासकट बाजूला सरकवले, कारण गच्चीवर चढायची शिडी त्यांच्यामागे ठेवलेली असते.

तरी नोटीस मागे घ्यावी आणि माझा आकार माफ करावा. कोळसा त्याच दिवशी विझवते.

आपली नम्र,
जिन्याखालची इस्त्रीवाली

दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत :
१. नोटीस
२. चालू बिल
३. सासूबाईंचा खोकल्याचा रुमाल. त्यावरची काजळी मोजून रुमाल परत पाठवावा, त्यांच्याकडे दुसरा नाही.