शंभर वॅट, पाच वॅट आणि बोर्गहिल्डचं बोट

बेअर बेटाचे अधिपती, वारा-वादळांचे हिशेबनीस, आमचे एकुलते एक मेव्हणे तोरलाइफराव यांस सिगवार्टचा दंडवत (पाठीमुळे अर्ध्यावरच थांबलेला).

तुझा गुडघा, तुझी दाढी आणि हवामान केंद्रातला तो म्हातारा कुत्रा तिघंही बरी असतील अशी आशा. आम्ही ठीक. रेडिओवर भेट झाली, मग पत्र कशाला, असं म्हणशील. पण रेडिओवर अर्धं जग कान लावून बसलेलं असतं, तिथे घरचं बोलायचं नाही हा आपल्या हौशी रेडिओवाल्यांचा शिरस्ता. शिवाय तू नुसतं ऐकलंस. इकडे काय घडलं ते तुला दिसलं नाही.

तुमच्या बाबांची होडी तू परस्पर विकलीस तेव्हापासून बोर्गहिल्डने तुझं नाव टाकलंय. (घरात तुला "तो उत्तरेकडचा" म्हणतात, तेही वादळाची बातमी लागली तरच.) म्हणून मी बेत केला की सतरा मेला, राष्ट्रदिनी, तिच्या मावशीकडे जाताना फेरीबोटीच्या रांगेत ठरल्या वेळी तुझा आवाज गाडीत लावायचा. रांगेत गाडीतून उतरून ती जाणार कुठे? बेत फसला तर मात्र रेडिओ गाडीतून जाणार होता आणि बहीण-भावाचं बोलणंही कायमचं बुडणार होतं, हे मला ठाऊक होतं.

आता आमच्या क्लबात मोटारीतल्या पॉवरवर व्याख्यान कोण झोडतं? मीच. काम भागेल तेवढीच पॉवर लावा. अँटेना पत्र्याच्या छतावर मधोमध हवा, म्हणजे लाटा बाहेर जातात आणि आतली माणसं झाकलेली राहतात. आमच्या नव्या विजेच्या गाडीचं छत काचेचं. म्हणून मी अँटेना डिकीच्या झाकणावर चिकटवला, मागच्या सीटवरच्या बोर्गहिल्डच्या डोक्यापासून हातभर (पुढची सीट रेडिओची असते), आणि तुझ्यापर्यंत पोचायलाच हवं म्हणून पॉवर थेट शंभर वॅट केली. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

मी तोंड उघडलं आणि वायपर हलू लागले. तोंड मिटलं की थांबत. चारही काचा खाली गेल्या, हॉर्न माझ्या प्रत्येक शब्दाला दुजोरा देऊ लागला, आणि तुझं नाव घेताच डिकी सलामी दिल्यासारखी उघडली. धक्क्याच्या उतारावर आपली गाडी नाकाने वर, त्यामुळे डिकीत ठेवलेला मावशीसाठीचा साय-बेरीचा केक घसरत मागच्या पाद्रीबाबांच्या बॉनेटवर गेला. बोर्गहिल्ड चांदीच्या बटणांच्या ठेवणीतल्या पोशाखात ताठ बसून होती.

"किती लावलंयस?" तिने विचारलं.

"शंभर."

"आणि क्लबात काय सांगतोस?"

"पाच."

"मग पाच लाव. बायकोचं डोकं काय क्लबाबाहेरचं आहे?"

पाच लावले. गाडी मुकाट झाली. पाच वॅट म्हणजे फ्रिजमधल्या दिव्यापेक्षाही कमी रे, आणि मध्ये तो एवढा थोरला काळा समुद्र. तरी त्या खरखरीतून तुझा आवाज आला. इतकी वर्षं हेच करतोय, पण तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तू म्हणालास, "पाच-नऊ." तिने अर्थ विचारला. मी सांगितलं, आवाज एकदम दणदणीत. पण ऐकू येवो न येवो, आम्ही सगळ्यांना तेच सांगतो, रीत आहे.

"म्हणजे याची खोटं बोलायची सवय गेली नाही," असं म्हणून तिने वायर ताणून माईक मागे घेतला आणि तुला विचारलं, थंडीत टोपी घालतोस का? तू पुन्हा "पाच-नऊ"च म्हणालास, पण या वेळी तुझा आवाज फाटला होता.

पुढचं कसं सांगू? तिने माईक मांडीवर ठेवला, पण बोट बोलायच्या बटणावर दाबलेलंच राहिलं. बोलणं संपलं असं तिला वाटलं आणि ती मला म्हणाली, होडी गेली तर गेली, कुजलेलीच होती. हे पोरगं तेवढं घरी परत यायला हवं होतं. मग बराच वेळ ती नुसती रडत होती. ते सगळं पाच वॅटवर तुझ्याकडे पोचलं असणार. बटण दाबलेलं होतं हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही तिला कळू देऊ नकोस.

तुझा,
सिगवार्ट

ता. क. डिकी अजून बंद होत नाही. दोरीने बांधली आहे.

ता. क. भेट झाल्याचं आपलं नेहमीचं कार्ड पाठव. त्यावर पाच-नऊ लिहू नकोस, खरोखर जेवढं ऐकू आलं तेवढं लिही. तिला ते फ्रिजवर लावायचंय.

ता. क. पाकिटं चिकटवायचं काम या घरात माझं आहे, हे तुझे भावोजी विसरतात. आवाज पलीकडे जात असेतो माईकवर लाल दिवा लागतो, तोरलाइफ. तो लागलेला मला दिसत होता. टोपी सोबत पाठवते आहे. ती घालून ये. — बो.